तात्या विंचू खारेगावात

२०१३ च्या गणपतीत आमच्या बिल्डिंगने 'झपाटलेला'चा तिसरा भाग केला. महेश कोठारे यांचा दुसरा भाग त्याच वर्षी जूनमध्ये आला होता. तिसऱ्याची घोषणा व्हायला अजून बरीच वर्षं होती, पण आम्ही काही थांबलो नाही. खारेगावात, पार्किंगमध्ये घातलेल्या मंडपात, एक बाहुला आणि हाताशी असतील ती माणसं घेऊन आम्ही तात्या विंचूला पुन्हा उठवलं.

जुलैच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. दर वर्षीचं सगळं ठरलेलं असतं. एक दिवस संगीत खुर्ची, एक दिवस फॅन्सी ड्रेस, एक दिवस सत्यनारायण, आणि पाककला स्पर्धा, जिच्या निकालावरून दिवाळीपर्यंत अबोला चालतो. त्या वर्षी मात्र पोरं शिष्टमंडळ घेऊन आली. दुसरा भाग थ्रीडीत पाहून आलेली पोरं ती, त्यांना तात्या विंचूच हवा होता. सेक्रेटरी म्हणाले, "एक बाहुला आणायचा, कुणीतरी मागून आवाज काढायचा, झालं." माझ्याकडे शिलाई मशीन आहे म्हणून बाहुल्याचे कपडे माझ्या गळ्यात पडले. घरात मशीन असलेल्या बाईच्या गळ्यात मंडळाचं काय काय पडतं, ते ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारा.

माझं माहेर विटाव्याचं, सासर खारेगावचं. म्हणजे कळवा सोडून मी गेलेच नाही. १९९३ साली 'झपाटलेला' आला तेव्हा मी चौथीत होते. विटाव्याची माणसं तेव्हा सर्रास रुळांच्या कडेने ठाण्याला चालत जायची. आम्ही लहान म्हणून बाबांनी रिक्षा केली आणि कळव्याच्या पुलावरून खाडी ओलांडून आम्ही सिनेमाला गेलो. थिएटरात मी पोट धरून हसले. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आल्यावर न हसणं कुणाला जमलंय? भीती घरी आल्यावर वाटली. कपाटावर मावशीने दिलेली एक बाहुली होती, डोळे मिटणारी. तिचा एक डोळा बिघडून अर्धा उघडाच राहायचा. त्या रात्री आईला ती माळ्यावर टाकायला लावली, आणि मग ती माळ्यावर आहे या विचाराने झोप येईना.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी दोन ओळींत सांगते, कारण आमची सगळी अडचण तिच्यातूनच उपजली. तात्या विंचू हा नामचीन गुंड. बाबा चमत्कारकडून तो दुसऱ्याच्या देहात शिरायचा मंत्र मिळवतो. इन्स्पेक्टर महेश जाधवची गोळी लागून मरताना तो मंत्र म्हणतो, पण जवळ माणूस नसतो, असतो तो बाहुला. बाहुला येतो लक्ष्या बोलकेकडे. लक्ष्याला शब्दभ्रमकार व्हायचं असतं, म्हणजे बाहुला बोलतो यात कुणालाच नवल वाटणार नाही असा हा एकच माणूस. माझ्या मते सिनेमातली सगळ्यात हुशार गाठ ही आहे. बाहुला खरंच बोलतोय हे लक्ष्या जगाला ओरडून सांगतो आणि जग म्हणतं, वा, काय आवाज काढतोस! लहानपणी मला तात्यापेक्षा याचीच धास्ती जास्त वाटली होती. खरं सांगतोय आणि कुणी ऐकत नाही.

मूळ कल्पना अमेरिकेतल्या १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून उचललेली. गुंडाचा आत्मा, खेळण्यातला बाहुला, सगळं तिथलं. पण तिथला बाहुला दुकानात मिळणारं खेळणं होतं. आपल्याकडे तो रामदास पाध्ये यांनी घडवलेला बोलका बाहुला झाला, आणि त्यामुळे तो परका राहिला नाही. पाध्ये म्हणजे अर्धवटराव आणि आवडाबाई, लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा. त्यांचे वडील यशवंत पाध्ये हे आपल्याकडे शब्दभ्रमाचे प्रयोग करणाऱ्या पहिल्या लोकांपैकी. रामदास पाध्ये शिकून मेकॅनिकल इंजिनिअर झाले. बाहुल्याच्या डोक्यात काय काय असतं हे स्वतः एकदा आत हात घालून पाहिल्यापासून मला त्या पदवीचं महत्त्व पटलं आहे. तात्याला आवाज दिलीप प्रभावळकरांचा. गुंड तात्याही तेच. दूरदर्शनवरचा चिमणराव तो हाच माणूस, यावर माझ्या आजीचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

दुसरा भाग पाहायला मी भाच्याला घेऊन ठाण्याच्या मॉलमध्ये गेले होते. वीस वर्षं मध्ये गेली होती. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्याशिवाय 'झपाटलेला' करायचा हीच केवढी पंचाईत. कोठारे यांनी लक्ष्याच्या मुलाची गोष्ट रचली आणि त्या भूमिकेत स्वतःचा मुलगा आदिनाथ याला घेतलं. सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे अशी नवी मंडळी आली. आवाज पुन्हा प्रभावळकरांचा. वर थ्रीडी. चष्मे लावून आम्ही बसलो आणि तात्याचा चेहरा पडद्यावर आला, तर अख्ख्या थिएटरात टाळ्या आणि शिट्ट्या! भाचा खुर्चीत उभाच राहिला. त्याच्या वयाची मी ज्याच्या नावाने झोपत नव्हते, त्याचं हे स्वागत एखाद्या लाडक्या मामाला साजेल असं चाललं होतं. सिनेमा मी मजेत पाहिला. भीती मात्र कुठेच वाटली नाही, आणि माझ्या आजूबाजूलाही कुणाला वाटलेली दिसली नाही. त्यात दिग्दर्शकाला बोल लावण्यात अर्थ नाही. वीस वर्षं ज्याच्या नकला शाळेच्या गॅदरिंगपासून हळदीपर्यंत सगळीकडे झाल्या, तो पडद्यावर येऊन दात विचकून करणार काय?

हे सगळं मला तेव्हा फक्त वाटलं होतं. ऑगस्टमध्ये बाहुला हातात आल्यावर ते समजलं.

आणायचा म्हणून जो बाहुला ठरला होता, तो कुठे मिळेचना. जांभळी नाक्यावर मिळाला तो भुश्याचा, तोंड न हलणारा. मग कारशेडमध्ये कामाला असलेल्या तळमजल्याच्या काकांनी बाहुला बनवायचं मनावर घेतलं. तात्याचा चेहरा हुबेहूब करायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "तो पाध्यांचा. आपला आपण करू, कळव्याचा." गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणून त्यांनी डोकं घडवलं, त्यावर तेल चोपडलं आणि पेपरच्या पट्ट्या फेविकॉलमध्ये बुडवून थरावर थर लावले. वरून कागदाचा लगदा, त्यात मेथीचं पीठ कालवून, म्हणजे किडे लागत नाहीत. सुकल्यावर कानांच्या मागून कापून दोन अर्धुकं वेगळी करायची, आतली माती काढायची आणि पुन्हा चिकटवायची. कागदावर सोपं होतं. पण ऑगस्टच्या कळव्यात काही सुकतं का! पारसिकच्या डोंगरावरून ढग हलत नव्हते, घरोघरी कपडे पंख्याखाली वाळत होते, आणि तात्याच्या गालावर हिरवट बुरशी धरली. शेवटी काकूंनी ते डोकं शंभरच्या बल्बखाली ठेवलं. लाइटबिलाचा हिशेब मंडळाच्या वहीत आहे.

जबडा कापला हॅक्सॉ ब्लेडने, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून खाली सरळ. तो सायकलच्या स्पोकवर बसवला आणि मागून ब्रेकची वायर घेतली. खाली मानेची काठी, काठीला खटका. खटका दाबला की तोंड उघडतं, सोडला की स्प्रिंगने मिटतं. पेनमधली स्प्रिंग लावली तर तोंड सावकाश मिटायचं आणि तात्या जांभई देतोय असं वाटायचं. जरा जाड लावली तर मिटताना 'टक्' असा आवाज व्हायचा आणि माईकमधून तो गोळी सुटल्यासारखा बाहेर पडायचा. खालच्या दातांवर फोमची पट्टी चिकटवल्यावर ते थांबलं. डोळे म्हणजे टेबल टेनिसच्या चेंडूची दोन अर्धुकं.

भुवयांचं काम माझं. तात्याला मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध लागावी लागते, त्यामुळे तिथे सगळ्यांचं लक्ष असणार. नाकाकडे उतरत्या काढल्या तर नेहमीचा चिडका खलनायक. बाहेरच्या बाजूला उतरत्या काढल्या तर कर्ज फेडायचं राहिलेला माणूस. शेवटी जवळजवळ सरळ काढल्या, एक किंचित वर. त्या चेहऱ्याकडे पाहून तो चिडलाय की हसतोय ते कळत नव्हतं. काकांना ते अपूर्ण वाटलं. मी तसंच ठेवलं.

कपडे शिवताना पाठीला उभी चीर ठेवली, कोटाची कॉलर उंच केली, म्हणजे मानेचा सांधा झाकला जातो. हात आत घालून पाहिला तर माझाच तेवढा जात होता. काकांचा मनगटातच अडकायचा. अशी मी शिंपिणीची बाहुलेवाली झाले.

आवाज माझ्या दिराचा. तो प्रभावळकरांची नक्कल बरी करतो आणि त्याला आधी खरोखरचा शब्दभ्रम करायची हौस होती. म्हणजे बाहुला त्याच्या मांडीवर, ओठ बंद, आवाज तात्याचा. ते फार काळ चाललं नाही. ओठ मिटल्याशिवाय प, फ, ब, भ, म निघतच नाहीत. जे हे करतात ते जीभ मागे टाळूला लावून त्या आवाजांचा भास निर्माण करतात आणि त्याला वर्षांचा रियाज लागतो. आणि तात्याचा मंत्र कोणता, तर 'ओम फट् स्वाहा'. सुरुवातीलाच म, लगेच फ! सिनेमात आवाज नंतर भरता येतो, तिथे बिघडत नाही. दिराच्या तोंडून निघायचं 'ओङ् थट् स्वाहा', आणि तालमीला बसलेली पोरं लोळून हसायची. "वहिनी, मी पडद्यामागे जातो," असं त्याने स्वतःच जाहीर केलं.

संहिता सगळ्यांनी मिळून लिहिली, म्हणजे ज्याला जे सुचेल ते. तात्या कळव्यात येतो. खारेगावच्या फाटकात अडकतो. तेव्हा ते फाटक चालू होतं आणि एकदा बंद झालं की माणसाचं आयुष्य तिथेच जायचं. पुढे त्याला लक्षात येतं की सकाळच्या लोकलमध्ये कळव्याहून चढायचं तर भुताच्या अंगातही तेवढं बळ नाही. मग तो हुशारी करून कारशेडमध्येच जाऊन गाडीत बसतो, तर तिथे आधीच आपली माणसं पत्ते मांडून बसलेली. "तात्या, चौथी सीट देतो, सरकून बस." हे सगळं झकास जमलं. तालमीला प्रत्येक वाक्याला हशा.

भीतीचा प्रसंग मात्र मरून पडायचा. अंधार, वीज चमकते, तात्या खुर्चीतून उठतो आणि म्हणतो की आता मी तुमच्यापैकी एकाच्या देहात शिरणार. हे तो म्हणायच्या आत पोरं एका सुरात मंत्र म्हणायची आणि टाळ्या. दिराने आवाज चढवला, पोरांनी त्याच्यावर चढवला. कुणी म्हणालं धूर सोडू, कुणी म्हणालं हातात सुरा देऊ, कुणी म्हणालं डोळ्यांत लाल बल्ब. लाल बल्ब लावून पाहिलेही. तो नवरात्रातल्या देखाव्यातला महिषासुर दिसायला लागला. मला मॉलमधलं थिएटर आठवत होतं. जेवढं जास्त दाखवावं तेवढा तो जास्त लाडका होत होता.

दुसऱ्या मजल्यावर कुडाळकडचे एक आजोबा राहायचे. त्यांनी लहानपणी पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्या होत्या आणि आमच्या तालमी ते जिन्यात उभं राहून पाहायचे. एकदा मला म्हणाले, "तुमचो तात्या सारखो हलतासा. ह्यो हलान दमलो, बघणारे पण दमले." एवढं बोलून वर गेले. सल्ला वगैरे द्यायचा त्यांचा बेत नव्हता, कंटाळले होते बिचारे. पण त्यांचं खरं होतं. हाताला रग लागली की मी बाहुला हलवत राहायचे, कारण हलवताना रग कमी जाणवते. स्थिर धरणं महाकठीण. कोपर अधांतरी, बोट खटक्यावर, आणि बाहुल्याची नजर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेवर रोखलेली हवी. ती जरा वर गेली की तो पंखा बघतोय असं वाटतं, खाली आली की झोपलेला.

त्या रात्री मी दिराला सांगितलं की त्या प्रसंगात तू बोलूच नकोस. तो म्हणाला, "मग मंत्र?" म्हटलं, पोरं म्हणतायतच की.

पहिल्या रात्री मंडप भरला होता. मागे बायका खुर्च्यांवर, पुढे सतरंजीवर पोरं. फाटक झालं, लोकल झाली, हसून हसून सगळे सैलावले. मग दिवे गेले आणि खुर्चीत बसलेल्या तात्यावर फक्त एक टॉर्च, तोही बाजूने. तोंड मिटलेलं, नजर भलतीकडे, गणपतीच्या मखराकडे. पोरांनी दोन क्षण वाट पाहिली आणि कुणीतरी सुरू केलं, 'ओम फट् स्वाहा'. मी डोकं एक बोटभर त्यांच्या बाजूला फिरवलं आणि थांबले. पोरं हसली, पुन्हा म्हणाली. पुन्हा एक बोटभर. तिसऱ्यांदा म्हणणारे आवाज कमी झाले होते. चौथ्यांदा फक्त मागची मोठी मुलं म्हणाली, तेही मजेत, आणि तोवर तात्याचा चेहरा पूर्ण समोर आला होता. पुढच्या रांगेतला एक मुलगा त्या मोठ्यांकडे वळून ओरडला, "म्हणू नका ना रे!" आणि रडायलाच लागला. मंत्र तेच म्हणत होते आणि तो त्यांच्याच मंत्राने जागा होत होता, हे पोरांच्या ध्यानात आलं होतं. मी तेव्हा खटका एकदाच दाबला. तोंड उघडलं, आवाज नाही. मंडपातून जो चीत्कार निघाला तो शेजारच्या बिल्डिंगमध्येही ऐकू गेला असणार, कारण त्यांचे वॉचमन धावत आले.

रडणाऱ्या मुलाची आजी दुसऱ्या दिवशी मला भाजी घेताना भेटली आणि रीतसर बोलली. गणपतीसमोर असलं अभद्र काय दाखवता, पोर रात्रभर लाइट लावून झोपलं. मी ऐकून घेतलं. त्यांना काय सांगणार की ते ऐकून मला आतून उकळ्या फुटत होत्या.

पण खरी गंमत पुढे आहे. लोकाग्रहास्तव तोच प्रयोग दुसऱ्या रात्री पुन्हा लावला. शेजारच्या बिल्डिंगची पोरंही आली. तोच टॉर्च, तीच खुर्ची, तीच शांतता. आणि पोरांनी पहिल्या फटक्यात मंत्राचा गजर केला, डोकं वळलं की शिट्ट्या, तोंड उघडलं की टाळ्या. काल रडलेला मुलगा पुढे बसून नव्या पोरांना सांगत होता, आता बघ हां, आता वळेल. एका रात्रीत तो तात्याचा मालक झाला होता. कोठाऱ्यांच्या तात्याला लाडकं व्हायला वीस वर्षं लागली, आमच्याला चोवीस तास पुरले.

दिराचं म्हणणं, तिसऱ्या रात्री काहीतरी नवीन करू. मी नको म्हटलं. प्रत्येक रात्री नवी युक्ती काढत बसलो असतो तर त्याला अंत नव्हता, आणि हाताचं मनगट सुजलं होतं ते वेगळं. पुढे मी पाहिलं की 'चाइल्ड्स प्ले'वाल्यांचंही तेच झालं. त्यांचा बाहुला चकी भाग वाढत गेले तसा विनोदी होत गेला, १९९८ साली त्याचं लग्नसुद्धा लावून दिलं. त्यांनी निदान कबूल केलं की हा आता घाबरवणार नाही, मग मजा तरी करू. मला ते प्रामाणिक वाटतं. पुन्हा तेवढंच घाबरवू असा आव आणला की फसगत होते.

२०२० च्या टाळेबंदीत कळवा-मुंब्र्यात सगळं ठप्प असताना मुलाने नेटफ्लिक्सवर 'द डार्क क्रिस्टल'ची मालिका लावली. मूळ सिनेमा १९८२ चा, जिम हेन्सन आणि फ्रँक ऑझ यांचा. त्यात माणूस म्हणून एकही पात्र नाही, सगळे बाहुले. त्याच्या आधीची गोष्ट सांगणारी ही मालिका ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी आली, दहा भागांची. मी इस्त्री करता करता बसले आणि इस्त्री बंद करून पाहत राहिले. मुलाला राक्षसी गिधाडांसारखे ते स्केक्सिस आवडले. मी त्यांची मनगटं शोधत होते. मग बनवतानाचा माहितीपट पाहिला. बाहुलेवाले हात डोक्यावर धरून तासन् तास उभे, आणि बाहुला कसा दिसतोय ते खालच्या मॉनिटरवर बघत. पंख्याकडे बघणारी नजर त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करता येते. असा एक मॉनिटर आम्हाला मिळता तर!

त्या माहितीपटात एक गोष्ट होती. मालिका ठरताना त्यांनी गेल्फलिंग नावाच्या नाजूक जमातीतलं पात्र संगणकावर करून पाहिलं होतं, शेजारी खरा स्केक्सिस बाहुला ठेवून. आणि पाहिल्यावर बाहुल्यांकडेच परत गेले. मला त्याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. बाहुला जिवंत नाही हे आपल्याला स्पष्ट दिसत असतं आणि तरी तो बघतो, यातच तर सगळं आहे. संगणकातलं पात्र कितीही खरं दिसलं तरी ते कपाटावर बसून राहणार नाही. त्यांना आमच्यासारखी लाडकेपणाची अडचणही नव्हती. त्यांची उलटी होती. मूळ सिनेमात गेल्फलिंग जवळपास संपलेले आहेत, दोघेच उरलेत. म्हणजे मालिकेत जो जो आवडेल त्याचं पुढे काय होणार हे जुन्या प्रेक्षकाला आधीच माहीत. तरी त्यांनी ते निभावलं. सप्टेंबर २०२० मध्ये मालिकेला एमी मिळाला आणि त्याच महिन्यात पुढचा सीझन होणार नाही असं जाहीर झालं. बाहुल्यांचं काम महाग आणि वेळखाऊ, हे मला कुणी समजवायला नको. आमच्या एका डोक्याने एक महिना खाल्ला होता.

कोठारे यांनी आता 'झपाटलेला ३' जाहीर केला आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये त्यावर चर्चा झाली, ती नेहमीप्रमाणे नट कोण, गाणी कुणाची यावर. भाचा आता नोकरीला आहे, तो म्हणतो ग्राफिक्स चांगले पाहिजेत. मी म्हणते, पाहिल्या पाहिल्या टाळ्या पडणार हे धरून चालावं आणि त्या टाळ्यांचं काय करायचं ते आधी ठरवावं. भाच्याच्या मते मी फार विचार करते.

आमचा तात्या काकांच्या बाकड्याखाली वर्षभर पडून होता. मग त्यांच्या सुनेने तो शाळेत नेला. ती पहिली-दुसरीला शिकवते. तिने कोट काढून त्याला शर्ट आणि टाय घालायला सांगितला, तोही मीच शिवला. तात्या वर्गात पाढे म्हणतो आणि मुद्दाम चुकतो, मुलं त्याला ओरडून दुरुस्त करतात. मध्ये स्प्रिंग गेली म्हणून ती त्याला घेऊन आली, तेव्हा मला म्हणाली, "ताई, जमलं तर याच्या भुवया जरा बदलून द्याल का? नवीन ॲडमिशनची दोन मुलं त्याच्याकडे पाठ करून बसतात."

स्प्रिंग काकांनी बदलली. भुवयांना मी हात लावला नाही.